लोखंड कमी करणारी पोरगी

अठ्ठावीस वर्षांत माझ्या दुकानात 'लोखंड कमी करा' असं सांगणारं गिऱ्हाईक एकच आलं, आणि ते माझ्याच घरात जेवतं. माझी पोरगी, रेणुका.

मी राधाकिसन. वाटूरला घराच्या मागं पत्र्याचं शेड आहे, त्यात मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आलं की आधी बाजूच्या फाळक्यावर मूठ मारून बघतं, मग खाली वाकून सांगाड्याचा जाड लोखंडी चॅनल बघतं, मग विचारतं, "किती क्विंटलचं काम हाय?" आकडा जितका मोठा तितका त्याचा चेहरा खुलतो. हलकं काम म्हणजे बनवणाऱ्यानं लोखंड खाल्लं, असा साधा हिशोब. माझी ट्रॉली जड असते म्हणून लोक कुरकुर करतात, डिझेल जास्त लागतं म्हणतात, पण दुसरी घ्यायची वेळ आली की माझ्याच दारात उभे राहतात.

लोखंडाचं आमच्या घराला जरा वेडच आहे, ते कबूल करतो. माझे आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने गोदाकाठानं फिरायचे. जे घोडीच्या पाठीवर लादता येत नाही ते आमच्या घरात नव्हतंच. माझ्या बापानं मेंढरं विकून वाटूरला घर केलं तेव्हा पहिली वस्तू आणली ती लोखंडी पलंग. चार माणसांनी उचलून आत ठेवला. बाप त्याच्यावर मांडी घालून बसायचा आणि आल्यागेल्याला म्हणायचा, "हलवून दाखव." अशा घरातली ही पोरगी, आणि मला सांगते की पप्पा, वजन कमी करा.

रेणुकानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत मशिनी दुरुस्तीवर आहे. सकाळी सातला निघते, संध्याकाळी येते, रविवारी सुट्टी. दोन वर्षं पगार साठवला आणि एक दिवस शहागडच्या एका माणसाकडून जुनी फोर व्हील जीप घेऊन आली. जीप आली ती माझ्याच ट्रॉलीत बसून, कारण तिची चालायची सवय मोडली होती. मला वाटलं, दुरुस्त करून विकणार असेल. पोरीला धंद्याचं डोकं आलं म्हणून मी खूश.

"ह्याची बग्गी बनवायची हाय," ती म्हणाली.

आमच्याकडं बग्गी म्हणजे नवरदेवाची, घोडे जुंपलेली. माझी बायको साखराबाई हातातलं काम टाकून बाहेर आली. पोरीनं स्वतःचं लग्न परस्पर ठरवलं असंच तिला वाटलं, आणि तिला राग यायच्या ऐवजी आनंद झाला. मग रेणुकानं मोबाइलवर दाखवलं. नुसत्या पाइपांचा पिंजरा, त्याला चार दांडगी चाकं, आणि तो पुरुषभर उंचीच्या दगडांवरून चढतोय. चढतोय म्हणजे काय, म्हातारा माणूस चालतो त्याहून हळू. एक चाक वर, एक खाली, मध्येच थांबतो, मागं येतो, पुन्हा चढतो. दहा मिनिटं बघितलं, गाडी वीस फूटसुद्धा गेली नव्हती.

"पोचायचं कुठं असतं?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई. वरी."

सरकार दगड फोडून रस्ते करतं ते गाड्या जाव्यात म्हणून. ही रस्ता सोडून दगडावर जाणार. साखराबाई भाकरी टाकायला निघून गेली.

जालन्याच्या अलीकडं एक बंद पडलेली खदान आहे. तिथं दरवर्षी मार्चमध्ये हौशी लोक अशा गाड्यांची स्पर्धा भरवतात. रेणुका दोन वर्षं तिथं दोरीच्या बाहेर उभी राहून बघून आली होती. "औंदा दोरीच्या आत जायचं हाय पप्पा," ती म्हणाली, आणि वर असंही म्हणाली की पिंजऱ्याचं वेल्डिंग तुमच्याच हातचं पाहिजे, दुसऱ्याच्या हातावर माझा भरोसा न्हाई. मी पाघळलो. बाप लोकांना पाघळवायला एवढं पुरतं.

पहिलं भांडण चौथ्या दिवशी झालं. मी तिला आठ एमएमची नवी कोरी प्लेट कापून दिली. तिनं ड्रिल मशीन घेतलं आणि त्या प्लेटला सात भोकं पाडली. भोकं म्हणजे नटबोल्टाची नव्हे, आतून लिंबू जाईल अशी.

"ह्ये कामून?"

"वजन कमी व्हतं. इथं भार येतच न्हाई."

मी अठ्ठावीस वर्षं लोखंड लावतो आहे, लोखंडाला कधी विचारत बसलो नाही की बाबा रे, तुझ्यावर भार येतो का. लावायचं म्हणजे लावायचं. पण हिच्याकडं कागद होता. त्यावर आकडेमोड होती, बाण काढले होते, आणि शेवटी दोन रेघा मारून लिहिलं होतं, एक हजार ऐंशी किलो. त्याच्या वर एक किलो चालणार नाही. जड गाडी दगडावर चढत नाही आणि चढली तर घसरते, असं तिचं म्हणणं. पिंजऱ्यासाठी तिनं आणलेला पाइप मी हातावर तोलून बघितला.

"हा सायकलचा हाय का?"

"सीमलेस हाय, बिनजोड. तुमच्या पाइपाच्या दुप्पट ताकद हाय त्याच्यात."

"दुप्पट ताकद अन् निम्मं वजन. असं लोखंड असतं का कुठं?"

"असतं पप्पा. तुम्ही घेत न्हाई."

साखराबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "लोखंडच हाय ना," ती म्हणाली, "काय पुरणपोळी हाय का एवढा जीव टाकायला?" या घरात माझी बाजू घेणारं एकही माणूस नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण पिंजरा उभा राहिल्यावर रेणुका माप घ्यायला सीटवर बसली. पट्टा बांधला, डोकं वर केलं. तिचं डोकं आणि वरचा पाइप यांच्यामध्ये चार बोटांची जागा. तो पाइप माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जाड. गाडी उलटली तर सगळा भार त्याच्यावर, आणि त्याच्या खाली माझ्या पोरीचं डोकं. तिला मापच लिहून पाहिजे होतं. "किती भरलं?" म्हणाली. मी म्हणालो, चार बोटं. ती म्हणाली, मिलिमीटरमध्ये सांगा.

त्या मंगळवारी ती कामाला गेल्यावर मी वरच्या पाइपाला एक पट्टी मारली. फक्त एक. डोकं आपटू नये म्हणून तिनं त्या पाइपांना फोम गुंडाळला होता. मी तो सोडला, पट्टी वेल्ड केली, लोखंड थंड होऊ दिलं, रेड ऑक्साइडचा रंग मारला आणि फोम पुन्हा गुंडाळला. संध्याकाळी ती आली, गाडीभोवती फिरली, तिला काही कळलं नाही. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुधवारी वाटलं, एका बाजूला मारली आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे बरं दिसत नाही. गुरुवारी कोपरे नजरेला आले. कोपऱ्याला तिकोनी प्लेट नसेल तर ते काम कसलं? असं करता करता दोन आठवडे गेले.

आमच्या समोर रस्त्यापलीकडं जिनिंगवाल्यांचा वजनकाटा आहे. तिथं संपत नावाचा माणूस बसतो. रेणुका दर रविवारी गाडी काट्यावर घालायची. पहिल्या रविवारी एक हजार अठ्ठ्याहत्तर भरली होती, तेव्हा पोरगी नाचायची बाकी राहिली होती. दुसऱ्या रविवारी एक हजार एकशे दोन. तिनं कागद काढून पुन्हा बेरीज केली. तिसऱ्या रविवारी एक हजार एकशे एकोणचाळीस.

"संपतभाऊ, तुमचा काटा खराब झाला," ती म्हणाली.

संपतला कोणी काहीही म्हणावं, काट्याला म्हणू नये. तो खुर्चीतून उठला. समोरच्या दुकानातून सिमेंटच्या वीस गोण्या हातगाड्यावर आणवल्या, काट्यावर रचल्या आणि आकडा दाखवला. एक हजार. मग त्या उतरवल्या आणि स्वतः उभा राहिला. बासष्ट. "माझी बायकू बी बासष्टच म्हणती," तो म्हणाला, "काटा बिलकुल बराबर हाय ताई. वजन तुमच्या गाडीत हाय, तिथं शोधा." गोण्या परत नेऊन ठेवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. मी मुकाट्यानं वाहत राहिलो, कारण त्या घटकेला तोंड उघडणं धोक्याचं होतं.

घरी येऊन रेणुका गाडीभोवती फिरू लागली. मी म्हणालो, "उन्हानं लोखंड फुगतं."

"फुगतं. जड व्हत न्हाई," ती म्हणाली, आणि फोमपाशी थांबली. तिनं तो प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्यांनी बांधला होता. माझ्याकडच्या पट्ट्या गुरुवारीच संपल्या होत्या आणि मी पुढचा सगळा फोम सुतळीनं बांधला होता. ट्रॉलीच्या दुकानात सुतळी नेहमी हाताशी असते, माणूस बघतसुद्धा नाही कशानं बांधतो ते.

"पप्पा, ही सुतळी मी बांधली का?"

तिनं सुतळी सोडली. मग पुढची सोडली. पट्ट्या, कोपरे, सगळं उघडं पडलं. मला वाटलं ओरडेल. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकसष्ट किलो," ती म्हणाली. "मी एकेक भोक पाडून सात किलो कमी केलं. अन् तुम्ही एकसष्ट किलो वर चढवलं."

"तुह्या डोक्यावर काय पायजे? काकडी?"

"मला विचारलं का?"

"तू भोकं पाडताना मला विचारलं का?"

तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. साखराबाई मधे निरोप्याचं काम करत होती, तेसुद्धा धडपणे नाही. "ती म्हणती, कटर कुठं ठिवला. अन् ती म्हणती, तुम्ही लई येडे हाव." दुसरं वाक्य तिनं पदरचं घातलं असावं असा मला दाट संशय आहे.

तिसऱ्या दिवशी रेणुका एक कागद घेऊन आली. स्पर्धेचा फॉर्म. खाली एक ओळ होती: ही गाडी आत बसणाऱ्या माणसासाठी सुरक्षित बनवली आहे. आणि त्याखाली बनवणाऱ्याची सही. सहीशिवाय गाडी आत घेत नाहीत.

"वेल्डिंग तुमचं, मंग सही तुमची," ती म्हणाली.

आता माझी पाळी होती. "असल्या पाइपावर मी सही करत न्हाई. लावलेलं लोखंड तसंच राहू दे, अन् वरून एक चॅनल आडवा मारू दे. मंग करतो."

"न्हाई केली तं?"

"तं राहा दोरीच्या बाहेर."

हे बोलायला नको होतं. ते तोंडातून निघालं आणि तिचा चेहरा बघितल्यावर मला ते परत गिळावंसं वाटलं. पण मी जन्माचा हटवादी, गिळलं नाही. स्पर्धेला दहा दिवस उरले होते.

"मारा चॅनल," ती म्हणाली. "पण रविवारी गावच्या खदानीत चढवून बघू. चढली तं तुमचं खरं."

"चढंल."

मी छतावर चॅनल मारला. तेवीस किलोचा, रोलिंग मिलमधून नुकताच आणलेला. काट्यावर गाडी एक हजार एकशे बासष्ट भरली. संपतनं आकडा मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

रविवारी सकाळी रामरावच्या ट्रॅक्टरनं गाडी खदानीत नेली. रामराव आमचा शेजारी, शेतकरी, माझ्याकडून दोन ट्रॉल्या घेतलेला. ऊस वाहतो. तमाशा बघायला मिळतो म्हटल्यावर तो डिझेलचे पैसेसुद्धा घ्यायला तयार नव्हता.

खदान फार मोठी नाही. काळा दगड पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, मध्ये पडलेले धोंडे. रेणुकानं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि गाडी पहिल्या गियरात टाकली. खोटं कशाला बोलू, बघायला मजा आली. गाडी एकेक चाक उचलून दगडावर ठेवत होती, पुढचा एक्सल एकीकडं वाकला तर मागचा दुसरीकडं. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. मी रामरावच्या पाठीवर थाप मारली, "बघ, लोखंड हाय त्याच्यात."

तिसऱ्या पायरीला तिला आडवं जाऊन वळायचं होतं. डावी चाकं वर, उजवी खाली. गाडी थांबली. तिनं किंचित पुढं घेतली, आणि मग गाडी उजवीकडं कलायला लागली. धडाम वगैरे काही नाही. म्हैस खाली बसते तशी सावकाश कलली, मग टप्कन पाठीवर गेली आणि एक पायरी खाली येऊन चाकं वर करून थांबली.

मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. चप्पल कुठं गेली तेही आठवत नाही. रेणुका पट्ट्यात उलटी लटकत होती. इंजिन तिनं बंद केलं होतं. मी खिशातून कटर काढला.

"पप्पा, पट्टा कापू नका," ती म्हणाली. "नवा हाय. लाल बटण दाबा."

मी बटण दाबलं. ती माझ्या खांद्यावर पडली. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होती. मी तिला धरून उभा राहिलो. ती मात्र माझ्या हातातून सुटली आणि खिशातला टेप काढून पिंजरा मोजायला लागली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरीकडून.

"वाकला का?" मी विचारलं.

"न्हाई. एक मिलिमीटर बी न्हाई."

"मंग? वाचली कशानं? माझ्या लोखंडानं का न्हाई?"

ती काही बोलायच्या आत रामराव बोलला. या माणसाला गप्प बसायचं कधी कळलंच नाही. "राधाकिसन, ह्ये तं उसावानी झालं. थर वरी भरला की ट्रॉली बांधावर पडणारच. तूच सांगतो ना आम्हाला?"

मी त्याला असं काही बोललो की ते इथं लिहिता येत नाही. पण राग रामरावचा नव्हता. दर हंगामात चारदोन ट्रॉल्या बांधावर उलटून माझ्याकडं येतात, आणि दर वेळी मी ड्रायव्हरला झापतो. अरे, वजन खाली ठेव, वर कशाला रचतो, अक्कल हाय का. अठ्ठावीस वर्षं हे बोलणारा माणूस मी. आणि माझ्या पोरीच्या गाडीवर चौऱ्याऐंशी किलो मी वर रचले, छतावर, अगदी निवडून निवडून वर. तिला कोणी पाडलं असेल तर मी पाडलं.

"वाकला न्हाई हे खरं हाय पप्पा," रेणुका म्हणाली. "पण पडलीच नसती." तिनं एवढंच म्हटलं, पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या आईवर गेली असती तर वर्षभर काढला असता.

सोमवारी तिनं सुट्टी टाकली. सकाळी चहा झाल्यावर माझ्यासमोर ग्राइंडर आणून ठेवलं. "तुम्हीच कापा. तुमचं वेल्डिंग दुसऱ्याला निघायचं न्हाई."

मी आजवर माझं वेल्डिंग कधी कापलं नव्हतं. कापायला बसलो तर ते निघेना. एक कोपरा सुटायला अर्धा तास. चकती झिजली, दुसरी लावली, तिसरी लावली. इतकं पक्कं काम कोणत्या गाढवानं केलं म्हणून मी शिव्या घालत होतो, आणि साखराबाई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. दुपारचं जेवण झालं, चार वाजले, तेव्हा कुठं शेवटी छताचा चॅनल खाली पडला. सीमलेस पाइपाला कुठं खरवड राहिली ती रेणुका पॉलिशपेपरनं घासत होती. पिंजरा पुन्हा पहिल्यासारखा बारीक दिसायला लागला. माझ्या डोळ्यांना तो उघडा वाटत होता.

तिनं कापलेल्या ढिगातून एक प्लेट उचलली. "ही खाली लावा. माझ्या सीटच्या खाली."

"कशाला?" मी म्हणालो. "जड होईल."

बोललो आणि मीच थबकलो. साखराबाई हसायची थांबली. या शेडमध्ये हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"बारा किलो हाय," रेणुका म्हणाली. "माझ्या आकड्याच्या दहा किलो पुढं जातं, जाऊ दे. खाली वजन असलं की गाडी बसती. तुम्हालाच माहीत हाय."

मी ती लावली. मग हात धुऊन फॉर्म घेऊन बसलो. पेन हातात होता. आत बसणाऱ्या माणसासाठी सुरक्षित. ती ओळ मी तीनदा वाचली. माझ्या ट्रॉल्यांतून उसावर बसून लोकांची लेकरं फिरली, आयाबाया फिरल्या, आणि मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एका दमात सांगत आलो, घेऊन जा, काही होत न्हाई. त्यासाठी माझी झोप कधी उडाली नाही. आणि आज स्वतःच्या पोरीसाठी एक सही होत नव्हती. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटून पेन हलत नाही.

"पडलीस तं?" मी विचारलं.

"पडणारच. एकदा तरी पडंलच. समदेच पडतात तिथं." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "मी पडणार न्हाई ह्याची सही न्हाई मागत पप्पा. पडल्यावर उठंल ना, त्याची मागून राह्यले."

याचं उत्तर मला माहीत होतं. जोड मी मारले होते. प्रत्येक जोड थंड होईपर्यंत बघत बसलो होतो. मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

स्पर्धेच्या दिवशी जालन्याच्या खदानीत जत्रेएवढी गर्दी होती. एक तपासणारा साहेब आला, त्यानं पिंजऱ्यावर बोटं वाजवली, जोड बघितले आणि विचारलं, कोणी बनवलं? मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "छान," तो म्हणाला, "हलकं आहे." आयुष्यात मला एवढं वाईट कोणी बोललं नव्हतं आणि मला ते सहन करून हसावं लागलं. मग त्यांनी आम्हाला दोरीच्या बाहेर काढलं. गाडी उलटली तरी घरच्यांनी आत यायचं नाही, असा नियम होता.

रेणुकाचा नंबर अकरावा. पहिला टप्पा तिनं पाण्यासारखा काढला. दुसऱ्याला दोनदा मागं घेतली, तिसऱ्यांदा चढली. आडव्या चालीत गाडी कलली आणि पुन्हा सरळ झाली, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं टाळ्या वाजवल्या. शेवटच्या चढाला एक धोंडा होता, माझ्या छातीइतका. पुढची चाकं त्याच्यावर गेली, गाडी उभी राहिली, जवळजवळ भिंतीसारखी, आणि मग मागं आली. एक कोलांटी, अर्धी अजून. धूळ उडाली.

रामरावनं माझा दंड धरून हिसका दिला. "अरं पळ की! पोरगी हाय तुही!"

आत दोन-तीन माणसं धावत होती. मी धावलो नाही. दोरी मी दोन्ही हातांनी धरली होती.

"उठंल ती," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?"

"सही केली हाय मी."

धूळ खाली बसेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा मी माझ्या आयुष्यातून वजा करून टाकला आहे. मग उलट्या पिंजऱ्यातून रेणुकाचा आवाज आला. दोर बांधायला आलेल्या माणसावर ती ओरडत होती, "तिथं न्हाई, तिथं न्हाई, खालच्या पाइपाला लावा! अक्कल हाय का!"